शास्त्रीबुवांचा आवळा

डोंगरातली माणसं आपलं मद्य घरच्या घरी करीत असत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

नाचणीला मोड आणायचे, ती भरडून शिजवायची आणि पाल्यामुळ्यांच्या वाळवलेल्या गोळ्याने मडक्यात आंबवायची. त्या गोळ्याला आंबवण म्हणत. ते बाजारात मिळत नसे. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे येई. म्हणून प्रत्येक घराची चव निराळी.

तिथल्या राजाला मात्र चवीतही शिस्त हवी होती. त्याने एका विद्वान शास्त्रीबुवांना परीक्षक नेमलं. गावात ज्याचं मद्य उत्तम, त्याला राजवाड्याचा मान. ज्याचं सर्वांत वाईट, त्याचं आंबवण नदीत.

शास्त्रीबुवा फार काटेकोर. ग्रंथात लिहिल्याप्रमाणे ते सुरुवातीला एकदाच आवळा चावून जीभ स्वच्छ करीत, मग डोळे मिटून घोट घेत. अशी सात गावं संपवून ते आठव्या गावी आले.

बारा मडकी ओळीने मांडली होती. पहिल्यातलं मद्य त्यांना मधुर लागलं. पुढची एकेक आंबट होत गेली. शेवटचं मडकं एका म्हातारीचं होतं.

"हे फारच आंबट," बुवा म्हणाले. बरोबरचे शिपाई आंबवण घ्यायला उठले.

म्हातारीने आंबवणाची टोपली पोटाशी धरली. "बुवा, उद्या माझं मडकं पहिलं चाखा, मग खुशाल बुडवा. सासूने जाताना मला एवढंच दिलंय हो."

"जागा बदलली म्हणून चव बदलते का, बाई?"

"मला काय ठाऊक? शिकलेले तुम्ही!"

लोक हसले. बुवांना ते लागलं. त्यांनी प्रत्येक मडक्यावर आपली मोहोर लावली आणि उद्यावर निकाल ठेवला.

दुसऱ्या सकाळी म्हातारीचं मद्य मधुर लागलं. कालचं पहिलं आज शेवटी आलं, तर ते आंबट! मोहरा तर शाबूत होत्या. मद्य एका दिवसात बदललं? की कालचा मी चुकलो? की आजचा? की दोन्ही दिवशीचा? बुवांनी ग्रंथ उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्यांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा आवळा चावला आणि डोळे मिटले. म्हातारीने त्यांच्या हातात वाटी दिली.

"वा! हे तर सगळ्यांहून गोड. कुणाच्या घरचं?"

"ओढ्याचं," म्हातारी म्हणाली. "पाणी आहे ते, बुवा. आवळ्यावर पहिल्या घोटाला पाणीही गोड लागतं, मग गोडी उतरत जाते. आमच्या शेळ्या राखणाऱ्या पोरींना विचारा की!"

सारं गाव खो खो हसलं. बुवांनी म्हातारीची टोपली तिची तिला दिली, पण त्यांना हसू आलं नाही. मागच्या सात गावांत ज्यांची मडकी शेवटी होती, त्यांचे चेहरे त्यांना आठवू लागले.

त्यांनी म्हातारीकडे थोडं आंबवण मागितलं आणि ते घेऊन पहिल्या गावी परतले. तिथे एका म्हाताऱ्याच्या घरचं आंबवण त्यांनी बुडवलं होतं. आणलेला गोळा त्याला देऊन बुवांनी हात जोडले. म्हाताऱ्याने नाचणी आंबवली. आठ दिवसांनी दोघं मडक्यापाशी बसले. म्हाताऱ्याने घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"कसं झालंय?" बुवांनी भीत भीत विचारलं.

"चांगलं झालंय, बुवा. फक्त आमचं नाही."

बुवांनी आपली वाटी न चाखताच खाली ठेवली.

तात्पर्य: जे बुडवलं तर परत करता येणार नाही, त्याचा निकाल देण्याआधी आपली जीभ आपणच तपासून पाहावी.