हळू हाताचा माणूस

"पण बाबा, माल वाढला तो माझ्या शिकवण्यानंच ना?"

शशिकांत उगल्यानं दारातूनच विचारलं. पायातले बूटही काढले नव्हते.

"आधी बूट काढ," उस्मानशा फकीर म्हणाला.

टेकडीवर फकिराचा तकिया, म्हणजे राहायची खोपी, आणि खाली पंख्यांचा कारखाना. पंख्याची तार कशी गुंडाळायची, ते कामगारांना शिकवायची शशिकांतची नोकरी. आईनं लहानपणी या फकिराच्या पायावर घातलेलं पोर. शिकलं, साहेब झालं. पण गुरुवार चुकवत नसे.

त्यानं बूट काढले आणि मोबाईल पुढं धरला. पडद्यावर एक रेघ होती, चढत चढत गेलेली.

"ही कुठली टेकडी?"

"टेकडी नाही, बाबा. माल आहे. इथपर्यंत आधीचा. इथं माझा वर्ग झाला. तिथनं बघा कशी चढलीय!"

"बरं. पंखे फिरतात का?"

"ते दुसरं खातं बघतं."

फकीर हसला. तोंडात दात नव्हते, तरी हसू चावरं होतं.

"वर्ग झाला तेव्हा आणखी काय झालं?"

"काही नाही. म्हणजे... नोटीस लागली होती. ज्यांचा हात हळू त्यांना कमी करणार म्हणून."

"कधी लागली?"

"त्याच सोमवारी."

"आणि हात कुणाचा हळू, ते कुणी दाखवलं?"

शशिकांतनं मोबाईल खिशात घातला.

"वर्गात दिसतंच की, बाबा. मॅनेजरनी विचारलं. मी सांगितलं."

"उद्या मालक विचारणार आहेत, माल कशानं वाढला ते," शशिकांत पुढं म्हणाला. "शिकवण्यानं वाढलं म्हटलं, तर त्यांच्या दुसऱ्या कारखान्यातही माझाच वर्ग. नोटिशीनं वाढलं म्हटलं, तर मी घरी. कागदाचा एक तुकडा चिकटवून काम होत असेल, तर मास्तर कशाला पोसतील?"

"दुसऱ्या कारखान्यातही नोटीस लागेल?"

"ते वरचे ठरवतात."

"आणि हळू हात तू दाखवशील. मग माझ्याकडं कशाला आलास?"

"तुम्ही एकदा म्हणा, बाबा. शिकवण्यानंच वाढलं, एवढंच म्हणा. म्हणजे उद्या बोलताना जीभ अडखळणार नाही."

असली माणसं होकार न्यायला येतात. प्रश्न नुसता हातात धरायला असतो, देवळात जाताना नारळ धरतात तसा.

फकिरानं डोळे मिटले.

"घसा सुकला. पाणी दे."

शशिकांत माठापाशी गेला. झाकण उचललं. आत टिपूस नव्हता.

"निवृत्ती सासणे भरायचा," फकीर म्हणाला. "कामावर जाता जाता. तुझ्याच कारखान्यात तार गुंडाळायचा. नोकरी गेली तसा गाव सोडून गेला, बायकापोरं घेऊन."

निवृत्ती... शशिकांतला आठवला. वर्गात पुढंच बसायचा. सांगितलेलं सगळं मान हलवून ऐकायचा. हात मात्र हळू.

"मी आणतो भरून," तो म्हणाला आणि माठ उचलून तसाच अनवाणी निघाला.

नळ टेकडीच्या पायथ्याला. उतरताना सोपं गेलं. भरलेला माठ खांद्यावर आला तेव्हा मान वाकडी झाली. वाट सगळी मुरमाड, घसरती. घाई केली की पाणी हिंदकळायचं. मग तो जपून चढू लागला. पाऊल टाकायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, मग दुसरं टाकायचं. कारखान्याचा भोंगा झाला, माणसं घाईघाईनं बाहेर पडली, आणि साहेब अजून अर्ध्या वाटेत होता.

वर पोचला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. माठ तिवईवर ठेवला. थेंब सांडला नव्हता. स्वतः न पिता त्यानं पेला भरला आणि दोन्ही हातांनी फकिरापुढं धरला. तोंडावर शाबासकीची वाट बघणारं हसू, लहानपणचंच.

फकिरानं पेल्याकडं बघितलं. घेतला नाही.

"हात फार हळू चालतो तुझा," तो म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस."