चुलीतला कर

अंबरगडच्या राजवाड्यातला राघोभट आचारी हाताचा जितका गोड, तितकाच जिभेचा तिखट. त्याच्या पगारावरचा कर पगारातूनच कापला जाई. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. पण एकदा सुट्टीत त्याने बाहेरच्या एका लग्नाचं जेवण उक्तं घेतलं. शंभर रुपये मिळाले, त्यातले ऐंशी तूप, साखर आणि सरपणात गेले. नव्या दिवाणजींनी मात्र पुऱ्या शंभरावर पाचवा हिस्सा कर मागितला.

"म्हणजे उरलेले वीसही तुम्हालाच? मग मी काय नुसते हात भाजून घ्यायला गेलो होतो?"

"खर्चाचं रडगाणं नको. हाती आलं ते सगळं उत्पन्न. उद्या दरबारात हिस्सा भर, नाहीतर नोकरी सोड."

दुसऱ्या दिवशी राघोभटाने भर दरबारात दिवाणजींपुढे टोपली उपडी केली. राखेचा लोट उठला.

"हा काय चावटपणा?" महाराज गरजले.

"सरकार, जळून गेलेलं सरपणही दिवाणजी माझ्या कमाईत धरतात. मग त्यातला त्यांचा हिस्सा मी कसा ठेवून घेऊ?"

महाराजांना हसू आवरेना. "घ्या दिवाणजी, भरून घ्या. नाहीतर आधी खर्च वजा करा, मग कर मागा."

मिशांवरची राख झटकत दिवाणजी पुटपुटले, "चार रुपये."

राघोभटाने ते लगेच काढून दिले. येतानाच त्याने ते कनवटीला लावून आणले होते.