रिकामा रांजण

दोन वाड्यांच्या मधोमध एक टेकडी होती, त्या काळची ही गोष्ट.

सकाळ रोजच्यासारखीच उजाडली होती. उगवतवाडीची आत्या अंगणात बसून शिंदीच्या पानांची केरसुणी बांधत होती. सारी वाडी तिला आत्याच म्हणे, अगदी तिच्या वयाचे म्हातारेसुद्धा. केरसुणीची मूठ अर्धी वळून झाली होती, तेवढ्यात दवंडी आली.

"ऐका हो ऐका! परवा राजाचे न्यायाधीश टेकडीवर येणार! ज्या वाडीची सेवा चाळीस वर्षं अखंड, टेकडी तिची. दुसरीनं प्रार्थनेसाठी तिथं पाऊल ठेवायचं नाही हो!"

आत्याच्या हातातली दोरी सैल पडली.

टेकडीवर करंजाच्या झाडाखाली एक काळा, बसका दगड होता. उगवतवाडीचे लोक म्हणत, हे आईचं ठाणं. ते सकाळी येत आणि टाळ वाजवून मोठ्यानं गात. पलीकडच्या मावळतवाडीचे लोक म्हणत, ही बाबांची बैठक. ते संध्याकाळी येत आणि डोळे मिटून गप्प उभे राहत. खरं कुणाचं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. एक रीत मात्र दोघांनी पाळली होती. सकाळच्यांनी जाताना आवार झाडून जायचं, संध्याकाळच्यांसाठी. संध्याकाळच्यांनी जाताना रांजण भरून जायचा, सकाळच्यांसाठी. झाडण्याचा मान आत्याच्या घराचा, पाण्याचा मान पलीकडच्या एका घराचा. दुसऱ्या कुणी त्या कामाला हात लावायचा नाही.

पाणी भरणाऱ्याला आत्यानं कधी पाहिलं नव्हतं. रांजणाजवळच्या ओल्या मातीत रोज काठीचं एक गोल भोक उमटलेलं असे. तेवढीच ओळख.

काही वर्षांपूर्वी आत्याचा नवरा वारला. सुतकात टेकडी चढता येईना. चौदाव्या दिवशी ती वर गेली, तर आवार झाडलेलं! पण कसं? करंजाच्या फांदीनं, वेडंवाकडं, अर्धा पाचोळा दगडाच्या मागे लोटलेला. फांदी रांजणाला टेकवून उभी ठेवली होती. झाडणी कधी उभी ठेवत नाहीत, हे उगवतवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि त्या झाडलेल्या मातीत जागोजागी काठीची भोकं. नवरा गेल्यापासून आत्या त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग तिथंच बसून रडली. वाडीत तिनं हे कुणाला सांगितलं नाही.

आणि महिन्याभरापूर्वी एका सकाळी रांजण कोरडा निघाला. दुसऱ्या सकाळीही. तिसऱ्याही.

"पाणी तोडलं आपलं!" पाटील गरजले. "वैऱ्याचंही कुणी पाणी तोडत नाही!"

"मी भरते चार घागरी," आत्या हळूच म्हणाली. "विहीर काही लांब नाही."

"खबरदार! पाणी भरण्याचा मान त्यांचा, तर लाजही त्यांचीच. कोरडाच राहू दे."

मातीत काठीचं भोकही दिसत नव्हतं. आत्याच्या ते ध्यानात आलं होतं. पण ती गप्प राहिली.

मग कुणीतरी मावळतवाडीच्या वाटेवर बाभळीचे काटे टाकले. मावळतवाडीच्यांनी उगवतवाडीचे टाळ दरीत फेकले. दगड भिरकावले गेले, एकाचं डोकं फुटलं आणि गाऱ्हाणं राजाच्या कानावर गेलं.

दवंडी झाली त्या संध्याकाळी पाटील स्वतः आत्याच्या अंगणात आले.

"आत्या, तुझ्यावर आहे सगळं. एवढंच म्हणायचं, चाळीस वर्षांत एक दिवस खाडा नाही."

"आणि त्या लोकांनी कुठं जायचं रे, हात जोडायला?"

"दुसरा दगड बघतील. डोंगरात दगडांना काय तोटा?"

"मग आपणच बघू की दुसरा," आत्या म्हणाली. पाटलांनी न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी दोन्ही वाड्या टेकडीवर जमल्या. न्यायाधीशांनी आधी मावळतवाडीला विचारलं, "पाणी कोण भरतं?"

डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पुढे झाली. "माझे मामंजी भरायचे, महाराज. महिना झाला, ते गेले. आमच्यात मयताच्या घरचं माणूस सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. आज पंचांनी आणलं म्हणून आले. मान आमच्या घराचा, म्हणून दुसऱ्या कुणी रांजण भरला नाही."

"मग पलीकडे निरोप का नाही दिला?"

"निरोप्या निघाला होता. वाटेत काटे होते."

पाटील हळूच म्हणाले, "तुटली यांची सेवा! आत्या, हो पुढं."

आत्या पुढे झाली. पण ती न्यायाधीशांकडे न जाता त्या बाईपाशी गेली.

"काठी घेऊन चालायचे का गं तुझे सासरे?"

"हो. डावा पाय अधू होता."

आत्यानं मान हलवली आणि मग न्यायाधीशांकडे वळली. "महाराज, माझ्या सेवेत खाडा आहे. तेरा दिवसांचा."

"आत्या!" पाटील ओरडले. "म्हातारीला भ्रम झालाय, महाराज!"

"भ्रम नाही रे बाबा. माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस मी इथं आले नाही. तुम्हा कुणाला कळलंसुद्धा नाही, कारण आवार स्वच्छ होतं. ते यांच्या माणसानं झाडलं होतं. एका हातात काठी अन् एका हातात फांदी घेऊन."

ती बाई एकदम म्हणाली, "तरीच! तेव्हा मामंजींच्या तळहाताला फोड आले होते. विचारलं तर म्हणाले, पलीकडनं आज कुणी झाडलेलं नाही, म्हणजे कुणाच्या तरी घरी दुःख असणार."

पाटलांनी मान खाली घातली.

न्यायाधीश म्हणाले, "सेवा दोघांचीही तुटली. खरं तर ती तुम्ही कधी एकेकट्यानं केलीच नव्हती. दगड कुणाचा, हे मला ठरवता येत नाही. कुणाची प्रार्थना अडवायची नाही, एवढं मात्र ठरवता येतं. सकाळ यांची, संध्याकाळ त्यांची, आणि वाट सगळ्यांची."

त्याच दिवशी काटे उचलले गेले. उचलायला पाटील स्वतः वाकले. कुणी हसलं नाही.

पुढे मावळतवाडीच्या त्या सुनेनं रांजणाचं काम हाती घेतलं. आत्यानं अर्धी राहिलेली केरसुणी पुरी केली आणि तिच्या हाती दिली. "घरात ठेव. आडवी ठेव हो," ती म्हणाली.

केरसुण्या विकायला बसली की आत्या पोरांना ही गोष्ट सांगायची आणि तिचं तात्पर्यही तीच सांगायची: पलीकडच्यानं भरायचा रांजण रिकामा दिसला, तर अपमान झाला असं म्हणण्याआधी त्याच्या घरी कुणी वारलं का, ते विचारावं, आणि कुणाचा देव कोणता, हे न विचारता त्याची वाट मोकळी ठेवावी.

पोरं विचारत, "आत्या, मग तू भरलास का गं तो रांजण, तेव्हा?"

विहीर जवळच होती. घागरही घरात होती. त्या काठीवाल्यानं तिच्यासाठी तेरा दिवस आवार झाडलं होतं. तो गेला तेव्हा आत्यानं त्याच्यासाठी एक दिवसही रांजण भरला नव्हता.