न भाजणारी राजकन्या

तर बरं का, डोंगरापल्याड एक राज्य होतं. तिथली राजकन्या चंद्रावळ. तिला कधी काही दुखायचंच नाही. झोक्यावरून पडली, दुखलं नाही. उकळतं दूध हातावर सांडलं, चटका नाही. पायात बाभळीचा काटा मोडला, तर ही आपली हसतेय! लोक म्हणायचे, राजाचं रक्तच तसलं. म्हणून तर गादीवर बसणाऱ्यानं आधी निखाऱ्यांवरून चालून दाखवायचं, अशी रीत होती. लोक बघायचे आणि पाया पडायचे.

उद्या चंद्रावळीनं चालायचं होतं. आज ती पणत्या निवडायला कुंभारआळीत गेली. भट्टीतलं तापलेलं मडकं चुकून हाती लागलं. आणि किंचाळलं कोण? समोर माती तुडवणारी कुंभाराची पोर सगुणा!

चंद्रावळ दचकली. मग तिनं हळूच स्वतःच्या दंडाला चिमटा काढला.

"आई गं! कोण मेलं चिमटे काढतंय?" सगुणा दंड चोळत ओरडली.

तिची आई म्हणाली, "जन्मापासून अस्संच बघा, ताईसाहेब. झोक्यावर कधी बसली नाही, पण गुडघे फुटलेले."

बाई गं! चंद्रावळ धावतच राजाकडे गेली. राजा सीताफळ खात बसला होता.

"आबासाहेब, मला लागलं की कुंभाराची सगुणा का ओरडते?"

"दंडावरचा दोरा बघ," राजा बी थुंकत म्हणाला. "तू जन्मलीस तेव्हा बांधला. जोडीचा तिला. तुझं दुखणं तिकडं जातं. आपल्या घराण्यात असंच असतं. माझाही आहे की एकजण."

"पण तिला दुखतं!"

"तुला नाही ना? मग झालं."

उद्या निखारे, आणि पाय सगुणाचे भाजणार! नुसतं सांगून कुणाला पटलं असतं?

सकाळी सगळं गाव जमलं. चंद्रावळीनं सर्वांसमोर दोरा कापला. मग तिनं निखाऱ्यांवर एक पाऊल टाकलं, आणि अशी किंकाळी फोडली, अशी फोडली, की वाजंत्री थांबली.

एक म्हातारी पुढं आली.

"अगंबाई, भाजलं की हिला! आपल्यासारखंच!"

मग सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. राजानं पटकन पाय पोटाशी ओढून घेतले.

सगुणानं चंद्रावळीच्या पायाला गार माती थापली. गावानं होते नव्हते ते सगळे दोरे तोडले. गादीवर पुन्हा कुणी बसलं नाही. कारभाराला गाव आपली माणसं आपणच निवडू लागलं. आता तिथं ज्याचं त्यालाच दुखतं, पण फुंकर घालायला सगळे धावतात. आणि सगळे सुखात आहेत.

चला, पांघरूण ओढा. मिटा बघू डोळे.