मेंदूरावाचा एक शब्द

एका शरीरात एक राजा राहत होता. शरीरात कसला आलाय राजा, असं विचारू नका. तुमच्याही डोक्यात एक आहे, फक्त परीक्षेच्या दिवशी तो झोपा काढतो. तर या राजाचं नाव मेंदूराव.

मेंदूरावाची फौज होती पांढऱ्या पेशींची. सेनापती धवलसिंग. कुठे जंतू शिरले की फौज पेटते टेंभे घेऊन धावे. मग ती जागा लाल होई, तापे आणि टम्म सुजे. फौजेचा शिरस्ता एकच: राजाचा 'पुरे' असा निरोप आल्याशिवाय टेंभा विझवायचा नाही. निरोपांची ने-आण करी भ्रमणोजी नावाचा मज्जातंतू. डोक्यातून निघून, गळ्यातून, काळजाजवळून तो थेट पोटापर्यंत जाई.

एके दिवशी सकाळीच पोटात शिळी मिसळ आली. तिच्याबरोबर चार जंतू आले. धवलसिंगानं घटकाभरात चौघांचा फडशा पाडला. झालं, काम संपलं. पण टेंभे पेटलेलेच! आता आतडीमावशीच्या घराच्या भिंती भाजू लागल्या.

"अरे मेल्यांनो, जंतू केव्हाच खलास झाले, आता माझं घर कशाला जाळताय?" मावशी कळवळली.

भ्रमणोजी धापा टाकत वर गेला. "महाराज, शत्रू संपले. 'पुरे' म्हणा, नाहीतर मावशी काही वाचत नाही."

मेंदूराव मिशीला पीळ देत म्हणाला, "पुरे म्हणायला मी काय भित्रा आहे? लोक काय म्हणतील?"

भ्रमणोजी तीनदा गेला आणि तीनदा हात हलवत परत आला. तोवर सगळं राज्य तापानं फणफणलं. पोटच बंद, म्हणून राजाचंही जेवण बंद. शेवटी सिंहासन तव्यासारखं तापलं, तेव्हा महाराज टुणकन उठले.

"पुरे! अरे, पुरे म्हणतो ना!"

भ्रमणोजी सुसाट खाली आला. निरोप ऐकताच सगळे टेंभे विझले. धवलसिंग मटकन खाली बसला. मावशीची अर्धी भिंत गेली होती, पण जीव वाचला होता.

"एवढे दमला होतात, तर आपणहून थांबला का नाहीत?" तिनं विचारलं.

"मावशी, आम्हाला फक्त लढायला शिकवलंय," धवलसिंग म्हणाला. "थांबा म्हणायचं काम राजाचं. आम्ही सकाळपासून त्याच एका शब्दाची वाट बघत होतो."

हे बोलणं भ्रमणोजीनं जसंच्या तसं वर पोचवलं. मेंदूराव शरमेनं लाल झाला.

तात्पर्य: भांडण पेटवायला नुसती ताकद पुरते; वेळेवर 'पुरे' म्हणायला डोकं लागतं.