कालिंदीचा तांब्या

“…मग गोळ्या आजपासून बंद ना?” कालिंदीने विचारलं.

“बंद!” श्रीरंग म्हणाला.

त्याने हातातली बाटली उन्हात धरली. आत पिवळी पूड होती. कांद्याच्या सालीतलं फ्लॅव्होनॉइड नावाचं औषधी द्रव्य, त्याने प्रयोगशाळेत वेगळं काढलेलं.

अण्णा वैद्य ओसरीवर अडुळशाची पानं निवडत होते. श्रीरंग त्यांचाच शिष्य. शहरात जाऊन संशोधक झालेला. कालिंदी शेजारची. आतड्याच्या जुनाट दाहाने पार खंगली होती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी आता सुखाने जेवत होती. पण रोजच्या गोळ्यांना कंटाळली होती.

“अण्णा, तुमचा झाडपाला मी सिद्ध केला. उद्या पेपरात येतंय. ‘आतड्याच्या दाहावर कांदा रामबाण.’”

“बातमी कुणी लिहिली?”

“मीच. त्यांनी जशीच्या तशी घेतली.”

“वा! विचारायचे कष्ट वाचले त्यांचे.”

अण्णांनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

“बरं, कोण बरं झालं?”

“उंदीर.”

“त्यांना दाह कशाने झाला?”

“आम्हीच केला. पिण्याच्या पाण्यात रसायन घालून.”

“मग?”

“ते पाणी बंद केलं, ही पूड दिली. आतडी भरून आली.”

“आणि पूड न देता नुसतं पाणी बदललं, ते?”

श्रीरंगने बाटली या हातातून त्या हातात घेतली.

“अरे, बोल की.”

“तेही भरून आले. पण उशिरा! अण्णा, फरक खरा आहे.”

“असेल. मी कुठे नाही म्हटलं?”

अण्णा उठले. कालिंदीपुढचा तांब्या उचलून अंगणात रिकामा केला. माठातून भरून आणला आणि श्रीरंगसमोर ठेवला.

“हिचं पाणी बदललं. आता?”

श्रीरंगने तांब्यात डोकावून पाहिलं.

“हिचा आजार पाण्यातून नाही आला, अण्णा.”

“मग कशातून?”

“…ते नक्की कुणालाच माहीत नाही अजून.”

“अगं बाई!” कालिंदी म्हणाली. “आणि माझ्या गोळ्या बंद करत होतास, मेल्या?”

श्रीरंगचे कान लाल झाले. मग त्यालाच हसू फुटलं. अण्णाही हसले.

कालिंदीने गोळी काढली, तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतली आणि पदराने तोंड पुसलं. आतून मऊ भाताचा वास येत होता.

श्रीरंग फोन घेऊन अंगणात गेला. “छापू नका,” तो म्हणाला. पलीकडचा माणूस बराच वेळ ओरडत होता.

तो परत आला. बाटली त्याने जपून पिशवीत ठेवली.

“पूड टाकणार नाही, अण्णा. काम पुढे चालू ठेवतो.”

“ठेव की.”

“पण त्यांना रिकामी जागा भरायचीय. दुसरं काहीतरी लिहून द्या म्हणतात. काय लिहू?”

अण्णांनी अडुळशाचं पान उलटून पाहिलं.

“लिही… उंदीर खुशाल आहेत.”