सव्वा मणाची आमरी

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या अंगणातल्या फणसावर आमरी वाढत होती. आज आपण जिला हौसेने ऑर्किड म्हणतो, तीच ही. वैद्यांच्या दिवंगत पत्नीने बोटभर रोप तिथे बांधले होते. आता त्याने अर्धे खोड झाकले होते. वैद्य थकले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत या आमरीचे नाव व्हावे, एवढीच त्यांच्या शिष्याची इच्छा. इच्छा चांगली होती. घोळ बहुधा अशाच इच्छांनी होतात.

राजधानीत सर्वांत मोठ्या आमरीचा सत्कार होणार होता. पण मोठी ठरवायची कशी? एकाच्या आमरीचे फूल पंजाएवढे, दुसऱ्याच्या आमरीचा तुरा पुरुषभर लांब. फणसावरच्या आमरीची फुले नखाएवढी. शिष्याने पंचांना गळ घातली, "वजनही धरा की." पंच कबूल झाले. वैद्य परगावी रोग्याकडे गेल्याचे पाहून त्याने विळ्याने मुळे सोडवली. आमरी सव्वा मण भरली आणि पहिली आली.

तो शाल घेऊन परतला, तेव्हा वैद्य उघड्या खोडापाशी उभे होते. ते रागावले नाहीत. मुळे पुन्हा धरणार नाहीत, हे त्यांनी हात लावताच ओळखले. त्यांनी ओसरीच्या तुळईला तराजू टांगून आमरी त्यात ठेवली. "दर सोमवारी तोल, आणि मला सांग."

शिष्याला काही उलगडेना. मण भरला. मग पाऊण मण. मग अर्धा. सातव्या सोमवारी आठ शेर सांगून तो म्हणाला, "गुरुजी, शिक्षा करायची तर दुसरी करा."

"शिक्षा नव्हे रे. फुलाची रुंदी झाडावर मोजता येते, तुऱ्याची लांबीही येते. वजन करायला मात्र ती जागेवरून उपटावी लागली. त्या दिवशी तू सव्वा मण मोजलेस, तेव्हाच ती मरायला लागली होती. तुला ते दिसले नाही, म्हणून दाखवले." वैद्यांनी फणसाकडे पाहिले. "ही लावणारी गेल्यापासून मी रोज सकाळी त्या फणसाखाली बसत आलो. आमरी किती मोठी, हे मला कधी कळले नाही. माझे काही अडलेही नाही."

"आता काय करू?"

"आता करण्यासारखे काही नाही. बस."

शिष्य शेजारी बसला. हे सारे तुमच्यासाठीच केले, असे त्याला सांगायचे होते.